आवाज काढून घेतल्यावर

आमच्या घरात हॅरी पॉटर दोन तऱ्हांनी पाहिला गेला. मी आधी पुस्तकं वाचली, बर्डीच्या फुटपाथवरून आणलेली, पानं जरा तिरकी कापलेली, आणि मग सदरकडच्या टॉकीजमध्ये जाऊन इंग्रजीतून सिनेमे पाहिले. आईने ते हिंदीतून पाहिले, टीव्हीवर, प्रतापनगरच्या घरात, मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर बसून.

कूलरचं मुद्दाम सांगते आहे. नागपूरच्या बाहेर राहणाऱ्यांना कूलर म्हणजे गार हवेची एक गरीब सोय वाटते. आमच्याकडे ते खिडकीला टेकवलेलं, ओल्या ताट्यांचं, पत्र्याचं धूड असतं आणि ४५ अंशांच्या दुपारी ते जे घरघरतं त्यापुढे टीव्हीचा आवाज कितीही वाढवला तरी अर्धे शब्द वाहून जातात. डबिंगमुळे मूळ नटाचा आवाज गेलेलाच होता, त्याच्या जागी आलेला हिंदी आवाजही कूलरने निम्मा खाल्ला. म्हणजे आईने ही आठ चित्रपटांची मालिका जवळजवळ मूकपटासारखी पाहिली. आणि तिचे निकाल माझ्यापेक्षा पक्के निघाले.

हे सगळं आठवायला निमित्त भाचीचं. या पुस्तकांवर आता नवी मालिका येते आहे, त्यातल्या नटांची नावं २०२५ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाली, तेव्हापासून ती धुसफुसते आहे. तिचं म्हणणं, जुन्या चित्रपटांतले लोक पुस्तकातूनच उठून आले होते, आता दुसरे कसे चालतील? मग कोण सगळ्यात जास्त पुस्तकातून उठून आलं होतं यावर आमची वादावादी सुरू झाली. भाचीने पहिलं नाव घेतलं स्नेप मास्तर झालेल्या ॲलन रिकमनचं. कोणीही तेच घेईल. तो काळा झगा, गळ्यापर्यंत लावलेली बटणं आणि तो आवाज. एकेक शब्द सुटा करून, दोन शब्दांमध्ये समोरच्याला घाम फुटेल इतकी जागा ठेवून बोलणारा.

पण आईने तो आवाज कधी ऐकलेलाच नाही!

आपण नटाला आवाजाने तोलतो. संगीत नाटकावर पोसलेल्या समाजाचं ते होणारच. धनवटे रंगमंदिरात मागच्या रांगेत बसून नाटक पाहणाऱ्या माणसाला नटाच्या भुवया दिसायच्या नाहीत, त्याच्यापर्यंत आवाजच पोचायचा, आणि घरी जाऊन तो आवाजाचीच नक्कल करायचा. भरताने नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शरीर, वाणी, वेशभूषा आणि आतून उमटणारा भाव. डबिंग त्यातलं वाचिक पार उचलून नेतं. उरलेल्या तिघांवर नटाने पात्र उभं केलं असेल तर ते उभं राहतं, नाहीतर बसतं. ही कसोटी मी शोधलेली नाही. ती आमच्या कूलरने लावली, मी नुसती आईच्या शेजारी बसले होते.

तर रिकमन. तिसरा चित्रपट, २००४ चा. पौर्णिमेचा चंद्र निघतो, ल्युपिन मास्तर लांडगा व्हायला लागतात, आणि ज्याच्यावर तीन चित्रपट सगळ्या मुलांचा संशय आहे तो स्नेप धडपडत येतो. मुलांवर खेकसायच्या बेतात असतो, तेवढ्यात लांडगा दिसतो. त्याचे दोन्ही हात आपोआप मागे जातात आणि तिन्ही मुलांना तो पाठीशी घेतो. एक शब्द नाही. आई म्हणाली, "हा बाप्पा पोरायचा माणूस आहे." मी तेव्हा तिला समजावलं की नाही, तो खलनायक आहे, पुढे बघ. ती काही बोलली नाही, पण तिने मत बदललं नाही.

गंमत अशी की पुस्तकात हा प्रसंग नाहीच. पुस्तकातला स्नेप त्या वेळी बेशुद्ध असतो, जादूने अधांतरी तरंगत नेला जात असतो. चित्रपटाने त्याला शुद्धीवर आणून मुलांसमोर उभं केलं. शेवटचं पुस्तक आलं २००७ मध्ये, स्नेपच्या पोटात काय होतं ते जगाला तेव्हा कळलं. पुस्तकांच्या लेखिका रोलिंगबाईंनी मात्र रिकमनला खूप आधी एक लहानशी गोष्ट सांगून ठेवली होती, पूर्ण गुपित नाही पण त्याचा धागा. त्या धाग्यावर हा माणूस दहा वर्षं चालला. दिग्दर्शक बदलले, चार झाले एकूण, त्याने कोणाला पत्ता लागू दिला नाही. आईला लागला, कारण तिला त्याचे फक्त हात दिसत होते.

तरीही रिकमनला पहिला नंबर द्यायला माझं मन घेत नाही. भाचीला हे फार लागलं. माझा मुद्दा वयाचा आहे. पुस्तकात हॅरीचे आईवडील एकविसाव्या वर्षी मारले जातात. स्नेप त्यांचा वर्गमित्र, म्हणजे हॅरी शाळेत येतो तेव्हा तो एकतीस-बत्तीस वर्षांचा. पहिला चित्रपट आला तेव्हा रिकमन ५५ वर्षांचे होते. ल्युपिन झालेले डेव्हिड थ्यूलिस, हॅरीच्या वडिलांचा मित्र सिरियस झालेले गॅरी ओल्डमन, सगळेच चाळिशी ओलांडलेले. एकदा रिकमनला घेतल्यावर आख्खी पिढीच म्हातारी करावी लागली असणार. पडद्यावर ते शोभलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण अर्थ बदलतो ना. ५५ वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावरचा कडवटपणा मुरलेला असतो, त्याला एक रुबाब येतो, आपल्याला त्याची कीवही येते. एकतिसाव्या वर्षीचा कडवटपणा अजून ओला असतो. त्यात रुबाब कुठला? त्यात आरडाओरडा असतो, थुंकी उडवत केलेला. पुस्तकातला स्नेप तसा आहे: तेलकट केसांचा, पिवळट, चिडला की ताबा सुटणारा, आणि लहान मुलांशी खरोखर नीच वागणारा. रिकमन यांचा स्नेप कधीच ताबा सोडत नाही. त्यांनी पुस्तकातल्या माणसाहून मोठा माणूस उभा केला. मोठा होता म्हणून लोकांनी त्याला माफ केलं. जानेवारी २०१६ मध्ये रिकमन गेले तेव्हा लोक स्नेपसाठीही रडत होते, मीही होते त्यात. पण प्रश्न पुस्तकातलं पात्र अंगात आणण्याचा असेल तर उत्तर थोडं वेगळं येतं.

आईचं उत्तर "गुलाबी बाई" असं आहे.

डोलोरेस अम्ब्रिज. पाचव्या पुस्तकात जादूच्या मंत्रालयाने शाळेवर लादलेली शिक्षिका, मग तपासनीस, मग मुख्याध्यापिका. पुस्तकात तिचं वर्णन बेडकासारखं केलेलं आहे, बसका बांधा, रुंद तोंड, जवळजवळ नसलेली मान. इमेल्डा स्टॉन्टन काही बेडकासारख्या दिसत नाहीत. कुठल्याही कॉलनीत संध्याकाळी तुळशीला पाणी घालताना दिसतील अशा त्या दिसतात. त्याच्या दोन-तीनच वर्षं आधी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं होतं ते एका कमालीच्या प्रेमळ, सगळ्यांच्या उपयोगी पडणाऱ्या बाईच्या भूमिकेसाठी. चेहरा तोच ठेवून त्यांनी अम्ब्रिज केली. मेकअपवाल्यांनी बेडूक करायचा प्रयत्न केला नाही ही देवाची कृपा.

आईने ती शाळेत आल्या आल्या ओळखली. मुख्याध्यापक भाषण करत असताना ती मध्येच उभी राहते, घसा खाकरते, हसते आणि स्वतःचं भाषण सुरू करते. कूलर चालू होता, हिंदीत ती काय बोलली ते दोघींनाही कळलं नाही. आई म्हणाली, "हिले मी ओळखतो."

आई काटोल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. त्या काळात एक अधिकारी बाई तपासणीला यायच्या. त्यांचं नाव घरात आजही घेतलं जात नाही, "त्या" म्हटलं की पुरतं. त्या कधी आवाज चढवायच्या नाहीत. मुलांच्या गालावरून हात फिरवायच्या, चहा घ्यायच्या, शिक्षकांची चौकशी करायच्या, आणि आठ दिवसांनी कोणाच्या तरी नावाने कागद यायचा. आई सांगते की त्या बाई खुर्चीत बसताना पदर ज्या नेटकेपणाने मांडीवर घ्यायच्या त्यावरून कळायचं, आज कोणाचा तरी दिवस भरला. स्टॉन्टन यांच्या अम्ब्रिजमध्ये हेच आहे. चहात साखर घालून चमचा ढवळणं, टेबलावरच्या वस्तू बोटभर सरकवणं, मुलगा रक्ताने ओळी लिहीत असताना खिडकीतून बाहेर पाहत उभं राहणं. भिंतीवरच्या बशांमध्ये मांजराची पिल्लं म्याव म्याव करताहेत. कपड्यांचा गुलाबी रंग चित्रपटभर चढत जातो, सत्ता वाढते तसा अधिक भडक होत जातो. हे आहार्य. पण बाकी सगळं आंगिक. त्या पावलं किती लहान टाकतात पाहा! जगाला शिस्त लावायला निघालेली बाई इतकी तुरुतुरु चालते की हसू यावं, आणि येत नाही.

त्याच चित्रपटात एक जिना आहे. अम्ब्रिज आणि शाळेतली जुनी शिक्षिका मॅकगोनॅगल, दोघी मुख्य जिन्यावर सगळ्या शाळेसमोर भांडतात. पुस्तकात या दोघींची खडाजंगी आहे आणि फार सुंदर आहे, पण ती अशी पायऱ्यांवर मांडलेली नाही. इथे अम्ब्रिज उंचीने कमी, म्हणून ती एक पायरी चढते. मॅकगोनॅगल एक चढते. दोघींचे आवाज शांत. मग अम्ब्रिज बेइमानीचा शब्द काढते, मंत्र्यांचं नाव घेते, आणि मॅकगोनॅगल एक पायरी खाली उतरते. सत्तेपुढे चांगल्या माणसाचं काय होतं ते एका पायरीत आलं. आई उठून कूलर बंद करून आली, उकाड्यात बसली, आणि जाहिराती संपेपर्यंत गप्प होती.

ती पायरी उतरणाऱ्या मॅगी स्मिथ. त्यांच्याबद्दल एक तपशील मला फार आवडतो. १९६९ च्या एका चित्रपटात त्यांनी एडिंबरातल्या शिक्षिकेची भूमिका केली होती, त्यासाठी ऑस्कर मिळवलं होतं. पुस्तकातली मॅकगोनॅगलही स्कॉटिश, कडक, केसांचा घट्ट अंबाडा घालणारी. म्हणजे रोलिंगबाईंनी पात्र लिहायला घेतलं त्याच्या कितीतरी आधी या बाई वर्गात उभ्या राहून आलेल्या होत्या. सहाव्या चित्रपटाच्या वेळी त्यांच्यावर स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू होते, तरी त्या काम करत राहिल्या. पडद्यावर त्यातलं काही दिसत नाही. ओठ नेहमीसारखेच घट्ट मिटलेले. शेवटच्या चित्रपटात त्या शाळेच्या दगडी शिपायांना जिवंत करतात आणि मग बाजूच्या बाईंना सांगतात की हा मंत्र वापरायची कधीपासूनची हौस होती. वाक्य विनोदी आहे, पण खरा विनोद त्यांच्या मानेत आहे, ती लहान मुलीसारखी जराशी वर होते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्या ८९ व्या वर्षी गेल्या. आईला मी बातमी दाखवली तर म्हणाली, "आमच्या स्टाफरूममध्ये अशी एक तरी असायची, म्हणून आम्ही टिकलो."

मुलांबद्दल मी फार बोलणार नाही. हॅरी झालेल्या रॅडक्लिफचे डोळे पुस्तकातल्यासारखे हिरवे नाहीत, हिरव्या लेन्सचा त्याला त्रास व्हायला लागला म्हणून निळेच ठेवले. त्याची मैत्रीण हर्मायनी, तिचे पुढे आलेले दात पडद्यावर जवळजवळ आलेच नाहीत, झिपऱ्याही पुढे नाहीशा झाल्या. हॅरीचा मित्र रॉन, त्याचं मात्र मला वाईट वाटतं. रूपर्ट ग्रिंटचं शरीर विनोदाला इतकं लवचीक की कूलरच्या कसोटीत तो तिघांमध्ये पहिला येतो, पण लेखकांनी त्याचे संवाद काढून काढून हर्मायनीला दिले. तिसऱ्या पुस्तकात मोडक्या पायावर उभा राहून तो म्हणतो की हॅरीला मारायचं तर आधी आम्हाला मारावं लागेल. चित्रपटात हे हर्मायनी म्हणते आणि तो नुसता कण्हतो. नटाने काय करावं?

शाळेचा धिप्पाड रखवालदार हॅग्रिड, त्याची गोष्ट निराळीच. तिथे शरीरच दोन आहेत. चेहरा आणि डोळे रॉबी कोल्ट्रेनचे, आणि लांबून दिसणारा धिप्पाड देह मार्टिन बेफिल्डचा, जो इंग्लंडकडून रग्बी खेळलेला. दोघांनी मिळून एक माणूस केला आणि सांधा कुठे दिसत नाही. श्रेयनामावलीत एकाचं नाव ठळक. आमच्याकडच्या दंडारीत, झाडीपट्टीच्या नाटकांत मागे राबणाऱ्यांचं असंच असतं.

आता मुख्याध्यापक डंबलडोर. इथे आमच्या घरात दोन तट आहेत. रिचर्ड हॅरिस यांनी नातीच्या धमकीमुळे ही भूमिका घेतली, नाही घेतलीस तर तुझ्याशी बोलणार नाही असं तिने सांगितलं होतं. दोन चित्रपट केले आणि २००२ च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले. मग मायकल गॅम्बन आले. त्यांनी पुस्तकं वाचलेली नव्हती आणि तसं ते मोकळेपणाने सांगायचे. चौथ्या पुस्तकात हॅरीचं नाव स्पर्धेच्या प्याल्यातून निघतं तेव्हा डंबलडोर त्याला "शांतपणे" विचारतात, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. गॅम्बन धावत जाऊन पोराचे खांदे धरून गदागदा हलवतात. यावर पुस्तकवाले आजवर चिडलेले आहेत, भाची त्यांत अग्रभागी.

वाचलं असतं तर फरक पडला असता का, सांगता येत नाही. दुसऱ्या एका मोठ्या मालिकेत, अंगठीच्या, म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये, ख्रिस्तोफर ली होते. त्यांनी लेखक टॉलकिनना प्रत्यक्ष पाहिलेलं, पुस्तक ते दर वर्षी वाचायचे, मनातून त्यांना भला जादूगार गँडाल्फ व्हायचं होतं, मिळाला दुष्ट सारुमन. त्यांचा सारुमन उत्तमच झाला. पण त्याच मालिकेत जो पुस्तकातून अक्षरशः सरपटत बाहेर आला तो गॉलम, आणि त्यात अँडी सर्किसचा स्वतःचा चेहराही दिसत नाही. संगणकाने चढवलेल्या कातडीखालून त्याचं शरीर बोलतं. वाचन चांगलंच, पण शेवटी ते पाठीच्या कण्यात उतरावं लागतं. गॅम्बन यांच्यावर माझा राग नाही, याचं कारणही शरीरच. सहाव्या चित्रपटात गुहेत ते विषारी पाणी पिताना लहान मूल होतात. "नको" म्हणतात ते ओठांनी कमी आणि गुडघ्यांनी जास्त. तो म्हातारा पुस्तकातलाच आहे. त्या वेळी आईने पदर डोळ्याला लावला होता.

आणि एक बाई राहिली. शंकराचार्यांची परकायाप्रवेशाची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. मंडन मिश्रांच्या पत्नीने वादात संसाराचे प्रश्न विचारले, संन्याशाला उत्तरं येईनात, म्हणून ते मेलेल्या अमरुक राजाच्या देहात शिरले. राण्यांना आणि मंत्र्यांना मात्र शंका आली, राजा तोच पण वागणं निराळं. हेलेना बॉनहम कार्टर यांना शेवटच्या चित्रपटात नेमकं हेच करायचं होतं. बेलाट्रिक्स ही क्रूर, वेडसर जादूगारीण त्यांनी दोन-तीन चित्रपट केलेली. आता तिचं रूप घेऊन हर्मायनी बँकेत घुसते. म्हणजे शरीर बेलाट्रिक्सचं, आत सतरा-अठरा वर्षांची घाबरलेली अभ्यासू मुलगी. एमा वॉटसनने आधी तो प्रसंग स्वतः करून दाखवला, तो पाहून बाईंनी केला. टाचांचे बूट नीट पेलवत नाहीत, खांदे आत गेलेले, समोरच्या माणसाला चुकून नम्रपणे सुप्रभात म्हणते आणि बरोबरचा बुटका गॉब्लिन तिला दटावतो. आई त्या दिवशी सुरुवातीची पंधरा मिनिटं भाजी निवडत होती, रूप घेण्याचा प्रसंग तिने पाहिलेलाच नव्हता. मान वर करून म्हणाली, "थांब, ही ती नाहीये. पाय पाह्य तिचा. ही ती पोरगी आहे ना?"

यापेक्षा मोठी पावती मला माहीत नाही.

चौथ्या चित्रपटात ब्रेंडन ग्लीसन यांनी मूडी मास्तर केला तोही असाच, सबंध वर्षभर तो खरं तर दुसराच कोणीतरी असतो. त्या आतल्या माणसाची जीभ बाहेर काढायची सवय त्यांनी अधूनमधून पेरून ठेवली आहे. माझ्या ते लक्षात आलं दुसऱ्यांदा पाहताना. आईच्याही आलं नाही, हे नोंदवते, नाहीतर भाची म्हणेल मावशी आजीचं उगाच कौतुक करते.

या कसोटीत एकीवर मात्र अन्याय होतो. इव्हाना लिंच. आयर्लंडची मुलगी, आजारपणात दवाखान्यातून रोलिंगबाईंना पत्रं लिहायची, त्यांची उत्तरंही यायची. हॅरीच्या शाळेतली स्वप्नाळू लूना, तिच्या भूमिकेसाठी खुली निवड झाली, हजारो मुली रांगेत होत्या, त्यांतून ही निवडली गेली. तिच्या लूनाचं अर्धं आयुष्य त्या तरंगत्या, कुठेच घाई नसलेल्या आवाजात आहे. हिंदीत ती नुसती बावळट वाटते. आईला लूना कधीच कळली नाही, "ही काऊन अशी करून राहिली?" एवढंच म्हणायची. माझ्यापुरतं सांगायचं तर पुस्तक पुन्हा उघडलं की बाकी सगळ्यांचे चेहरे थोडे हलतात, जुनं मनातलं चित्र आणि पडद्यावरचं चित्र एकमेकांत मिसळतं. लूनाच्या बाबतीत मला पूर्वीचं चित्र आठवतच नाही. म्हणून माझ्या यादीत अम्ब्रिजच्या शेजारी ती, आणि रिकमन त्या दोघींच्या एक पायरी खाली.

भाचीला हे मान्य नाही. ती म्हणते, नव्या मालिकेतला स्नेप मी बघणारच नाही. तो करतो आहे पापा एसिएदू. डंबलडोर जॉन लिथगो, मॅकगोनॅगल जॅनेट मॅकटीर. एसिएदू कृष्णवर्णीय आहे म्हणून जगभर गदारोळ झाला, आणि भाचीच्या मैत्रिणींमध्येही त्यावर रोज काहीतरी पेटतं. मला त्यातलं एकच कामाचं वाटतं, की त्याचा जन्म १९९० चा. म्हणजे पहिल्यांदाच स्नेपचं वय पुस्तकाच्या जवळपास येईल. चौथ्या पुस्तकात एक प्रसंग आहे. कोणाचा तरी मंत्र चुकून हर्मायनीला लागतो आणि तिचे दात भराभर वाढायला लागतात. स्नेप तिच्याकडे पाहतो आणि म्हणतो, मला काही फरक दिसत नाही. ती रडत पळून जाते. चित्रपटात हे वगळलं. रिकमन यांच्या तोंडी ते वाक्य आलं असतं तर थिएटरात लोक हसले असते, इतकं ते ऐटीत आलं असतं. पस्तिशीतल्या नटाने ते म्हटलं की कोणी हसतं का, हे मला पाहायचं आहे, आणि शक्यतो कूलर बंद ठेवून.